बिग डेटा, दुकानदारी आणि आपण: लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गेली नऊ वर्षं एका सुपरमार्केटच्या साखळीत बिलांच्या डेटावर काम करतो, त्यामुळे लग्नकार्यात कुणी ना कुणी कोपऱ्यात गाठून विचारतंच की अरे ते बिग डेटा म्हणजे तू नक्की करतोस काय, आमचा फोन ऐकतोस का वगैरे. दर वेळी तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून काढतोय.

बिग डेटा म्हणजे नक्की किती मोठा?

ठरलेला आकडा नाही. साधी खूण सांगतो, एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढे ते हात वर करतं. आता युपीआय बघा, २०१६ ला सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात १००० कोटी व्यवहारांच्या वर गेलं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चार हजार. एका व्यवहाराची एक ओळ धरली तर अख्खी शीट साडेचार मिनिटांत फुल्ल, इकडे चहाला नीट उकळीसुद्धा आली नसते.

पण नुसता ढीग मोठा असून भागत नाही. डग लेनी नावाच्या अमेरिकन विश्लेषकाने २००१ मध्येच तीन गोष्टी सांगितल्या होत्या, आकार, वेग आणि प्रकार, आणि आमच्या कामात तिसरीच सगळ्यात जास्त छळते. बिल एका साच्यात येतं, कस्टमरची तक्रार व्हॉट्सॲपवर मराठीत पण इंग्रजी अक्षरांत येते, कॅमेऱ्याचं फुटेज वेगळं, डिलिव्हरीवाल्याचं लोकेशन वेगळं, आणि हे सगळं एकमेकांना जोडायचं असतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सगळं तोंडपाठ असतं, मग यात नवीन काय?

बरोबर आहे, त्याला माहीत असतं की जोशीकाकूंना शेंगदाणे घुंगरूच लागतात आणि पाटलांचं बिल पगार झाल्यावर ५ तारखेला मिळतं. उधारीची वही हा डेटाबेसच आहे हो. फरक इतकाच की त्याची दोनशे गिऱ्हाइकं असतात आणि दोन लाख झाली की डोक्यात मावत नाहीत. इंग्लंडमधल्या टेस्को या सुपरमार्केटने १९९५ मध्ये क्लबकार्ड, म्हणजे खरेदीवर पॉइंट देणारं कार्ड काढलं, त्याच्या आधी काही दुकानांत चाचणी केली होती आणि तिचे आकडे बघून त्यांचे चेअरमनच ते आकडे काढणाऱ्यांना म्हणाले की मला तीस वर्षांत गिऱ्हाइकाबद्दल जे कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलंय, आणि याचीच मला भीती वाटते. तीस वर्षं दुकान चालवलेला माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर बघा.

बिल करताना मोबाईल नंबर का मागतात? द्यावाच लागतो का?

द्यावा लागत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना स्पष्ट सांगितलंय की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही अशी अडवणूक करायची नाही.

मागतात का, तर नंबर नसेल तर प्रत्येक बिल सुटं. आज कुणीतरी डायपर घेतले, पुढच्या आठवड्यात कुणीतरी बेबी पावडर घेतली, दुकानाला कळतच नाही की ते एकच घर आहे. नंबर आला की बिलं एका दोऱ्यात ओवली जातात, आणि मग वर्षभरानंतर त्या घरात डायपरची साईज बदलली, दोन वर्षांनी बंद झाले, आता बिस्किटं आणि पेन्सिली सुरू झाल्या, म्हणजे पोरगं शाळेत जायला लागलं, हे कुणी न सांगता दिसतं.

आता गंमत ऐका. मी नवीन होतो तेव्हा आमच्या यादीत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सापडलं, रोज चाळीस चाळीस किलो साखर, सत्तर पिशव्या दूध, सकाळी एका गावात आणि दुपारी तिसऱ्याच गावात खरेदी. मी घाईघाईने साहेबांना दाखवायला गेलो. नंबर होता ९९९९९९९९९९. कस्टमरने नंबर नाही दिला तर काउंटरवरचा पोरगा पुढे सरकण्यासाठी दहा वेळा नऊ दाबतो, बस्स. साहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. आमच्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ असल्याच गोष्टी निवडण्यात जातो, तांदूळ निवडतात तसं. एकाच माणसाचं नाव चार स्पेलिंगने, एकाच साबणाचे तीन कोड, आणि ३१ मार्चच्या रात्री घाईत केलेली बिलं, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

पण कंपनीला याचा पैशात फायदा काय? जाहिरातीच पाठवतात ना फक्त?

जाहिरात हा छोटा भाग आहे. खरा पैसा कुठे किती माल पाठवायचा यात आहे. माल कमी पडला तर विक्री गेली, जास्त झाला तर पडून राहतो, एक्सपायरी होते, गोडाऊनची जागा अडते आणि किराण्यात मार्जिन आधीच पातळ.

वॉलमार्टचं प्रसिद्ध उदाहरण आहे, २००४ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस चक्रीवादळ येणार होतं तेव्हा त्यांनी आधीच्या चार्ली वादळाच्या वेळची बिलं काढून बघितली. टॉर्च आणि पाणी खपतं हे कुणीही सांगेल, पण स्ट्रॉबेरीचे पॉप टार्ट्स, म्हणजे जॅम भरलेला पाकीटबंद खाऊ, नेहमीच्या सातपट खपले होते आणि वादळाच्या आधी सगळ्यात जास्त उठाव बिअरला होता. मग विचार केल्यावर पॉप टार्ट्सचं पटतं, लाइट नसताना न शिजवता खाता येतात, टिकतात, पोरांना आवडतात. पण आधी सुचलं असतं का? नाही.

आमचं वादळ म्हणजे आषाढी एकादशी. हे जरा नीट सांगतो कारण यातच मी सगळ्यात जास्त शिकलो. मागणीचा अंदाज सांगणारं एक तयार सॉफ्टवेअर घेतलं होतं, भारी होतं, मागच्या विक्रीवरून पुढची ऑर्डर सांगायचं. २०२३ ला आषाढी २९ जूनला होती, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू सगळं दणकून खपलेलं. त्यामुळे २०२४ ला या सॉफ्टवेअरने जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक दुकानाला साबुदाण्याची पोती पाठवली. आषाढी होती १७ जुलैला! पोती पडून राहिली, मॅनेजर लोकांनी वैतागून अर्धी परत गोडाऊनला पाठवली, सॉफ्टवेअरने बघितलं की अरे साबुदाणा खपत नाहीये, त्याने जुलैची ऑर्डर कमी केली, आणि १६ तारखेला संध्याकाळी माणसं रिकाम्या रॅकसमोर उभी. सात वाजता माझ्या आईचा फोन, तुमच्याकडे साबुदाणा नाही म्हणे, वाण्याकडून आणला.

सॉफ्टवेअरला जानेवारी डिसेंबर कळतं, तिथी कुठून कळणार? मग आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि तीन दिवस बसून तक्ता केला, तारखेसमोर तिथी, सण, उपवास. तो जोडल्यावर अंदाज सुधारला, आणि बाकीच्या गोष्टीपण दिसायला लागल्या. संकष्टीचा साबुदाणा आणि एकादशीचा साबुदाणा सारखा नाही, संकष्टी संध्याकाळी सुटते ना, मोदकाची पिठी वाढते. अंगारकीला तर वेगळाच आकडा. श्रावण लागला की अंडी खाली.

त्यातही एक गोष्ट सुटलीच होती, अधिक महिना. २०२३ ला अधिक श्रावण होता, अनारशाचं पीठ असं उडालं की विचारू नका, जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असतं ना. पण अधिक मास तीनेक वर्षांनी एकदाच, आणि आमच्याकडे नीट डेटा होता दोनच वर्षांचा. त्या दोन वर्षांत कोट्यवधी ओळी होत्या, तरी अधिक महिना फक्त एकदा. २०२६ च्या अधिक ज्येष्ठासाठी किती पीठ ठेवायचं ते शेवटी आमच्या गोडाऊनच्या जुन्या काकांना विचारलं. डेटा कितीही मोठा असू दे, जी गोष्ट त्यात एकदाच घडलीय तिच्याबद्दल त्याला एकदाच माहिती असते.

ते बिअर आणि डायपर शेजारी ठेवले म्हणून विक्री वाढली, ते खरं का?

प्रत्येक सेमिनारमध्ये सांगतात. मूळ एवढंच की १९९२ च्या सुमारास अमेरिकेत ऑस्को ड्रग नावाच्या दुकानांच्या बिलांत संध्याकाळी पाच ते सात मध्ये हे दोन्ही एकत्र दिसले. पण त्यांनी रॅक काही हलवले नाहीत, विक्री वाढली हे पुढच्या लोकांनी जोडलं. गोष्ट चांगली आहे म्हणून चालली.

दहा मिनिटांत सामान घरी येतं ते कसं काय?

पोरगा गाडी उडवतो म्हणून येतं असं वाटतं, पण खरं म्हणजे तुम्ही ऑर्डर करायच्या आधीच ते सामान तुमच्यापासून किलोमीटर दोन किलोमीटरवर येऊन बसलेलं असतं. तुमच्या एरियात रात्री दहानंतर आइस्क्रीम किती जातं, रविवारी सकाळी कोथिंबीर किती लागते, हे आधीच्या ऑर्डरींवरून काढून त्या छोट्या गोडाऊनमध्ये तेवढंच ठेवतात, आणि जे जास्त खपतं ते पॅकिंगच्या टेबलाजवळ.

फोन आपलं बोलणं ऐकतो का? मी बायकोशी कुकरबद्दल बोललो आणि लगेच कुकरची जाहिरात आली!

हा नंबर एकचा प्रश्न. २०१८ ला अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या लोकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग मात्र बाहेर पाठवत होती, ते कमी वाईट आहे का तुम्हीच सांगा.

मग कुकर कसा आला? तुम्ही बोललात, पण वहिनींनी दुपारी सर्च केलं असेल, घरात वायफाय एकच. किंवा तुम्ही मागच्या आठवड्यात कुकरच्या शिट्टीचा एक व्हिडिओ पूर्ण बघितला असेल. बऱ्याच वेबसाइटवर फेसबुक आणि गुगलचा कोडचा तुकडा बसवलेला असतो, तो सांगतो की हा ब्राउझर इथे येऊन गेला. आणि तुम्हाला दिवसभरात ढिगाने जाहिराती दिसल्या, त्यातली जुळलेली एकच लक्षात राहिली. ऐकायची गरजच पडत नाही त्यांना, तुमच्यासारख्या वयाची, तुमच्यासारख्या भागात राहणारी, नुकतं घर बदललेली हजारो माणसं पुढे काय घेतात हे माहीत असतं आणि आपण त्या हजारांपेक्षा काही फार वेगळं वागत नाही हो. हे ऐकून लोकांना माइकपेक्षा जास्त राग येतो असा माझा अनुभव आहे.

गुगल मॅपला पुढे ट्रॅफिक आहे हे कसं कळतं?

तुमच्याकडूनच. रस्त्यावरच्या फोनचं लोकेशन आणि वेग जातो, शंभर फोन रांगत असतील तर रस्ता लाल. २०२० मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या जर्मन कलाकाराने एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून ती ओढत चालत गेला, मॅपवर रस्ता लालभडक. आपल्याकडे वारीच्या पालखीमागे गाडी अडकली की ९९ फोन लागत नाहीत.

एकाच ठिकाणी जायला माझ्या आणि मित्राच्या फोनवर कॅबचं भाडं वेगळं दिसतं, फोन बघून भाडं लावतात का?

मागणी वाढली की भाडं वाढतं हे तर उघड आहे, पाऊस आला की बघा. फोन बघून लावतात हा आरोप आहे, जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळं भाडं का म्हणून ओला आणि उबरला नोटिसा काढल्या होत्या, दोन्ही कंपन्यांनी असं करत नसल्याचं सांगितलं. दोन फोन शेजारी धरून आपण घरी टेस्ट करतो त्यातून मात्र काही सिद्ध होत नाही, एकाला कूपन असतं, एकाला जवळची गाडी दाखवलेली असते, मधे वीस सेकंद गेलेले असतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर किमती कशा ठरतात हे बाहेरून तपासताच येत नाही हीच खरी अडचण आहे.

लोन देताना बँक काय काय बघते?

सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी तुम्ही किती नीट फेडता याचे मार्क, ३०० ते ९०० मध्ये. कार्डाचं बिल, हप्ते वेळेवर गेले का, वापरायची मुभा किती आणि वापरलं किती. दर वर्षी पूर्ण रिपोर्ट एकदा फुकट मिळतो, असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत, चौघांकडून मिळतो, घ्याच. माझ्या एका मावसभावाच्या रिपोर्टमध्ये कधीच न घेतलेलं बाइकचं लोन निघालं, नाव आणि जन्मतारीख सारखी असलेला दुसराच कुणीतरी. काढून घ्यायला चार महिने मेल लिहीत बसला, तोपर्यंत घराचं लोन अडकलं ते अडकलंच.

आणि झटपट लोनवाली ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट मागत असतील तर तिथूनच परत फिरा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही असं स्पष्ट सांगितलंय.

सरकारपण हे वापरतं का?

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या वर्षभराच्या कमाईचा आणि व्यवहारांचा तक्ता, उघडून बघा, २०२१ च्या शेवटी आलंय. आपण विसरलेल्या एफडीचं व्याज, शेअर विकले ते, डिव्हिडंड, सगळं एका जागी. माझे वडील ते बघून पाच मिनिटं गप्प बसले होते, पोस्टातलं त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

शेतकऱ्याला काही उपयोग आहे का, का सगळं शहरातच?

आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीने उसावर प्रयोग चालवलाय, उपग्रहाचे फोटो, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र हे सगळं जोडून कुठल्या भागाला पाणी आणि खत किती ते शेतकऱ्याला मोबाईलवर. पण उसाला कारखाना आहे, भाव ठरतो, खर्च निघू शकतो. कांद्याला काय करणार? अंदाज बरोबर आला आणि सगळ्यांनी तोच ऐकून लावला तर भाव पडलाच.

इतका डेटा असूनपण चुकतं कुठे?

गुगलने २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स काढलं होतं, लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूची साथ सांगायची. सुरुवातीला वाहवा झाली, २०१२-१३ च्या हंगामात अंदाज प्रत्यक्षापेक्षा दुपटीच्या आसपास गेला, २०१५ ला बंद. टीव्हीवर फ्लूची बातमी आली की ठणठणीत माणूसपण सर्च करतो, हे धरलंच नव्हतं. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला एक सिस्टीम बनवली, जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, ती बायकांना मागे टाकायला शिकली, शेवटी सोडून दिली. म्हणजे साबुदाण्याचंच झालं सगळं, जुन्यावरून नवं काढताना मधे काय बदललं ते बघितलं नाही.

माझं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे, मला काही करता येईल का?

बिग डेटा नको, तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून एकच यादी काढा, गेल्या नव्वद दिवसांत एकदाही न हललेला माल. रक्कम बघून बसायला खुर्ची जवळ ठेवा.

मुलगा बीकॉम आहे, या लाइनला येऊ शकतो का?

येऊ शकतो. एसक्यूएल (डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा), एक्सेल पक्कं, आणि संख्याशास्त्राची भीती जाईल एवढा अभ्यास. लाखभराचा कोर्स लावायच्या आधी सहा महिने या फुकटच्या गोष्टी कर म्हणावं. कॉमर्सवाल्याला क्रेडिट नोट आणि डेबिट नोट कळते, आमच्याकडे आलेल्या दोन इंजिनिअरांनी परत आलेला माल विक्रीतच धरला होता.

कायदा काय म्हणतो?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत. संमती दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, चूक दुरुस्त करून मागता येईल, पुसून टाकायला सांगता येईल, आणि कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत. तोपर्यंत फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट दिलेत ते बघा, टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला? आणि नको असलेल्या कॉलसाठी १९०९ वर कळवा.

तू स्वतः दुकानात नंबर देतोस का?

किराण्याला देतो, पॉइंट मिळतात आणि माझ्या घरात किती तूरडाळ लागते हे कुणाला कळलं तर कळू दे. मेडिकलमध्ये देत नाही, कुणाच्या घरात कसल्या गोळ्या चालू आहेत हे किती बोलकं असतं ते मी रोज बघतो. आई तर कुठेच देत नाही. काउंटरवरच्या पोराने विचारलं की सरळ सांगते, लिही बाळा, नव्व्याण्णव, पाच वेळा. तिला हे मीच शिकवलंय, आणि सोमवारी ऑफिसात ती बिलं शोधून बाजूला काढतो तोपण मीच.